बिननावाची ठासणीची बंदूक: ही बनवली कुणी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेत राहणारी मराठी माणसं काय काय गोळा करतील याचा नेम नाही. कुणी जुने कॅमेरे, कुणी ग्रामोफोन, आणि हल्ली बरेच जण ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या, बंदुका. इस्टेट सेलमध्ये भिंतीवरची एखादी लांब नळीची बंदूक स्वस्तात मिळते, घरी येते, सोफ्यावर आडवी ठेवून तिचा फोटो निघतो, आणि तो मला येतो: "ही कुठली हो?" मला हवी असलेली जागा त्या फोटोत कधीच नसते, कारण ती लाकडाखाली दडलेली असते. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. इथे बोलतोय ते मुख्यतः १९५० नंतर बनलेल्या आणि अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रतिकृतींबद्दल. आजोबांच्या माळ्यावर सापडलेली बंदूक हा वेगळा मामला आहे, त्याबद्दल खाली थोडं येईल.

नळीवर नावच नाही. म्हणजे माल बनावट आहे का?

नाही. या धंद्यात नाव नसणं फारसं नवलाचं नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने १८९८ पर्यंतच्या बंदुका आणि त्यांच्या ठासणीच्या प्रतिकृती ‘फायरआर्म’च्या व्याख्येबाहेर ठेवल्या. आधुनिक रायफलीवर बनवणाऱ्याचं नाव आणि अनुक्रमांक ठोकावाच लागतो, तशी सक्ती प्रतिकृतींवर आली नाही. मग आयात करणारा व्यापारी इटलीतल्या कारखान्याला सांगायचा, तुमचं नाव नको, आमचं घाला. कुणी म्हणायचा, कुणाचंच नको.

दुसरं कारण किटचं. १९७० च्या दशकात, विशेषतः १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली त्या सुमारास, सुट्या भागांची किटं भरपूर खपली. घरच्या गॅरेजात नळी घासून, पॉलिश करून, काळी करताना हौशी माणसाने नाव कधी पुसलं हे त्यालाही कळलं नसेल.

तिसरं कारण मुद्दाम केलेलं. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या लढाया वेशभूषेसह पुन्हा उभ्या करणारी मंडळी असतात. त्यांना १८६१ च्या मस्केटवर (लांब नळीच्या लष्करी बंदुकीवर) ‘मेड इन इटली’ डोळ्यात खुपतं. ते ही आधुनिक अक्षरं घासून टाकतात. त्यांच्या बोलीत याला ‘डीफार्ब’ करणं म्हणतात. यातले जाणकार कारागीर खुणा वरून काढून नळीच्या पोटाखाली पुन्हा ठोकतात, म्हणजे शोधणाऱ्याला निदान काहीतरी उरतं. बाकीचे नुसतीच कानस चालवतात.

सगळ्यात आधी काय करू?

ती भरलेली आहे का ते बघा. हसू नका. दारू आणि गोळी आत तशीच असलेल्या ‘शोभेच्या’ बंदुका मी स्वतः पाहिल्या आहेत.

तोंड कुणाकडेही न वळवता गज (दारू-गोळी ठासायची दांडी) नळीत हलकेच तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा. गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. त्याचं टोक निपलपाशी (ठिणगी देणारी टोपी बसते ती बोंडी) किंवा रंजकाच्या भोकापाशी (जिथून ठिणगी आत जाते) पोचलं पाहिजे. इंच-दीड इंच अलीकडेच थांबलं, तर आत काहीतरी आहे असं धरून चाला. स्वतः उकरू नका, बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. काळी दारू पन्नास वर्षांनीही पेटते.

खुणा नेमक्या कुठे असतात?

वर दिसल्या नाहीत म्हणजे नाहीतच, असं समजू नका. नळी दस्त्यातून, म्हणजे लाकडी भागातून, काढावी लागते, आणि इथेच लोक कच खातात. खरं तर फारसं अवघड नाही.

हॉकेन धाटणीच्या आखूड दस्त्याच्या रायफलीत नळीच्या बुडाला आकडा असतो. घोडा अर्ध्यावर ओढा, दस्त्यातली आडवी पाचर सरकवून काढा आणि नळी तोंडाकडून वर उचला, सुटते. यादवी युद्धाच्या मस्केटला नळीभोवती कड्या असतात. इंग्रजी एनफील्डमध्ये त्या स्क्रूने आवळलेल्या, अमेरिकी स्प्रिंगफील्डमध्ये स्प्रिंगने अडवलेल्या. कड्या काढा, बुडामागच्या शेपटीचा स्क्रू काढा, मग बंदूक उलटी धरून नळी हातात येऊ द्या. लाकडाला पाचर ठोकून उचकटायला जाल तर दस्ता चिरलाच समजा. ब्राउन बेस (जुनी इंग्रजी मस्केट) आणि केंटकी रायफलीत कड्या नसतात, बारीक पिना असतात. त्या ज्या बाजूने बाहेर आल्या त्याच बाजूने परत ठोकायच्या, आणि पितळी सुंभ्याने, खिळ्याने नव्हे. ज्याला स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणारा पेचकस घेण्याचा धीर नाही, त्याने हे काम दुसऱ्याला द्यावं.

नळी निघाली की तिचं पोट बघा, बुडापासून पहिले सहा-आठ इंच. मग लॉकची, म्हणजे घोडा बसवलेल्या यंत्रणेची, पट्टी काढून तिची आतली बाजू बघा. रिव्हॉल्व्हर असेल तर गोळी दाबायच्या दांडीखाली नळीची जी सपाटी लपते, ती जागा. घासू नका. खडूची पूड किंवा टाल्कम बोटाने चोळा आणि टॉर्च आडवा धरा, खोलवर नसलेले ठसेही वर येतात. आमच्या क्लबातल्या एका गृहस्थांनी नीट दिसावं म्हणून पॉलिश पेपर मारला होता. खूण होती एवढं त्यांना आठवतं, कोणती ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

एका ताऱ्याखाली ‘पीएन’ अशी अक्षरं आहेत. हा कारखाना कोणता?

कारखाना नव्हे, तपासणीची खूण. ‘पीएन’ म्हणजे इटालियनमध्ये ‘पोल्व्हेरे नेरा’, काळी दारू. ही नळी उत्तर इटलीतल्या ब्रेशा जिल्ह्यात, व्हाल त्रोम्पिया दरीतल्या गार्दोने गावातल्या सरकारमान्य प्रूफ हाउसात जास्तीची दारू भरून उडवून पाहिली आणि ती टिकली, एवढाच त्याचा अर्थ.

पण एवढ्यानेही निम्मं काम होतं. या दरीत नळ्या बनवण्याचा धंदा पाचशे वर्षांहून जुना आहे. बेरेटा घराण्याच्या एका पूर्वजाला व्हेनिसच्या शस्त्रागाराने १८५ नळ्यांचे पैसे चुकते केल्याची नोंद १५२६ ची आहे. जगातल्या बहुतेक ठासणीच्या प्रतिकृती याच एका दरीतून आल्या आहेत.

जवळच एका छोट्या चौकटीत दोन अक्षरं किंवा रोमन आकडा शोधा. ते तपासणीचं वर्ष असतं, आणि अख्ख्या बंदुकीवर याहून भरवशाची गोष्ट दुसरी सापडणार नाही. रोमन वीस म्हणजे १९६४, रोमन तीस म्हणजे १९७४. मधल्या काही वर्षांत दोन एक्स आणि पुढे साधा आकडा अशी खिचडी आहे, म्हणजे दोन एक्स आणि ७ हे १९७१. १९७५ पासून अक्षरं सुरू होतात: एए १९७५, एबी १९७६, एसी १९७७, एडी १९७८, एई १९७९, एएफ १९८०. पुढे काही अक्षरं वगळली आहेत, त्यामुळे बोटांवर मोजायला गेलात तर चुकाल: एएच १९८१, एआय १९८२, एएल १९८३, एएम १९८४, एएन १९८५, एपी १९८६, एएस १९८७, एटी १९८८, एयू १९८९, एझेड १९९०. १९९१ ला बीए लागतो आणि बीझेड २००५ ला संपतो.

यातला एएस किंवा एयू पाहून लोक ‘आर्मी सान मार्को’ नाहीतर ‘आल्दो उबेर्ती’ असं ठोकून देतात. चौकट असेल तर ते वर्ष आहे, नाव नाही.

इटलीची आहे हे कळलं. पण दरीतला नेमका कोण?

कारखान्याची स्वतःची मुद्रा बहुधा प्रूफच्या खुणांशेजारीच लहानशी असते. एका आडव्या चौकोनी हिऱ्यात ‘एफएपी’ असेल तर पिएत्ता बंधू. ‘एएसएम’ म्हणजे आर्मी सान मार्को. ‘एएसपी’ म्हणजे आर्मी सान पाओलो, जे पुढे युरोआर्म्स या नावाने ओळखले गेले. ‘जीयू’ दिसलं तर जरा बसून घ्या: ते ग्रेगोरेल्ली आणि उबेर्ती. १९५० च्या दशकाच्या शेवटी न्यू जर्सीच्या नेव्ही आर्म्स या आयात कंपनीचे व्हॅल फोर्जेट यांनी १८५१ च्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती यांच्याकडून करून घेतली आणि या साऱ्या धंद्याला तिथून वेग आला. यादवी युद्धाची शताब्दी १९६१ मध्ये तोंडावर होती, गिऱ्हाईक तयारच होतं.

दाविदे पेदेर्सोली यांचा कारखाना १९५७ चा. त्यांचा माल बहुधा नावानिशी येतो आणि त्या नावाला बाजारात किंमतही आहे. म्हणून विकणारा "नाव नाही, पण पेदेर्सोलीच आहे" असं सांगू लागला, तर नळी उतरवून दाखव म्हणावं.

मुद्राही नसेल तर? मग लॉकची पट्टी उतरवून तिचा आकार कागदावर पेन्सिलीने गिरवा, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, आणि सुट्या भागांच्या कॅटलॉगमधल्या चित्रांशी ताडून बघा. टेनेसीतल्या युनियन सिटीच्या डिक्सी गन वर्क्सचे जुने जाडजूड कॅटलॉग यासाठी सोन्यासारखे आहेत. कारखाने नावं बदलतात, विकले जातात, बंद पडतात, पण लॉकचा साचा वर्षानुवर्षं तोच राहतो.

नळीवर ‘हॉकेन’ असं स्पष्ट लिहिलंय. मग प्रश्न मिटला ना?

नाही मिटला. हॉकेन बंधू एकोणिसाव्या शतकात सेंट लुइसमध्ये रायफली बनवत. आज ‘हॉकेन’ हे घाटाचं नाव आहे, जशी पैठणी आता फक्त पैठणलाच विणली जाते असं नाही. न्यू हॅम्पशरच्या थॉम्पसन सेंटरने १९७० पासून हॉकेन काढली, मग स्पेन आणि इटलीच्या कारखान्यांनीही काढली.

कंपनीचं नाव दिसलं तरी तेच. लायमनची ‘ग्रेट प्लेन्स’ रायफल इटलीच्या इन्व्हेस्टआर्मने बनवलेली. ट्रॅडिशन्सचा माल स्पेनच्या आर्देसाचा. कनेटिकट व्हॅली आर्म्स, म्हणजे सीव्हीए, नावात कनेटिकट असली तरी तिच्या कितीतरी बंदुका स्पेनमध्ये घडल्या. एवढंच काय, १९७० च्या दशकात कोल्ट कंपनीने स्वतःच्याच जुन्या रिव्हॉल्व्हरांची जी ‘दुसरी पिढी’ काढली, तिचे कच्चे भाग उबेर्तीकडून आले होते. अस्सल आणि प्रतिकृती यांची सीमा कुठे आखायची ते तुम्हीच ठरवा.

तारा नाही, वेगळ्याच खुणा आहेत.

मुकुटाखाली लंबवर्तुळ आणि त्यात ‘ईएलजी’: बेल्जियमचं लिएझ. १८६० च्या कोल्ट आर्मीची ‘सेंटॉर’ नावाची प्रतिकृती तिथे बनत असे आणि तिला मानणारे लोक आजही आहेत.

मुकुट आणि खाली ‘बीपी’: इंग्लंडचं बर्मिंगहॅम. एनफील्ड असेल तर पार्कर-हेल या इंग्रज कंपनीचा संशय घ्या आणि तो खरा ठरला तर खूश व्हा. पण नाव पार्कर-हेलचं आणि खुणा गार्दोनेच्या अशाही एनफील्ड आहेत, कारण नंतरच्या काळात त्या इटलीत बनल्या. अशा वेळी नावापेक्षा खुणेवर विश्वास ठेवा. आणखी एक कसोटी आहे. पार्कर-हेलच्या तीन कड्यांच्या एनफील्डच्या नळीत तीन चर (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) असतात, ते बुडाकडे खोल आणि तोंडाकडे उथळ होत जातात, आणि ७८ इंचांत एक फेरा घेतात. जुन्या इटालियन एनफील्ड बहुधा सरसकट सारख्या खोलीच्या, ४८ इंचांत एक फेरा.

‘जपान’ लिहिलेली ब्राउन बेस किंवा शार्लव्हिल (जुनी फ्रेंच मस्केट) दिसली तर बहुधा मिरोकू या जपानी कारखान्याची. हिला नाव नसलं तरी काम चांगलं असतं.

आणि कसलीच प्रूफ खूण नसेल तर अमेरिकी कारागिराची बंदूक असण्याची शक्यता धरा. अमेरिकेत सरकारी प्रूफ हाउसच नाही. हाताने बनवणारे कारागीर नळीच्या वरच्या सपाटीवर सही करतात, पण सगळेच करत नाहीत.

उतरवूनही काहीच सापडलं नाही. आता?

आता आटे बघायचे. माझी आवडती खूण हीच, कारण ती घासून जात नाही. टोपी बसते ते निपल काढा आणि आट्यांचा गेज लावा. व्यास ६ मिलिमीटर आणि आटा ०.७५ असेल तर बहुधा इटालियन रिव्हॉल्व्हर. ६ मिलिमीटर आणि १ असेल तर स्पेनकडे, जुन्या सीव्हीएकडे बघा. पाव इंच आणि इंचाला २८ आटे असतील तर अमेरिकी, थॉम्पसन सेंटरसारखी. मात्र कुणीतरी मधे नवीन आटे पाडून घेतलेले असू शकतात, म्हणून लॉकच्या स्क्रूंचे आटेही ताडून बघा.

दस्ता दोन तुकड्यांचा आणि जोडावर पितळेची पट्टी असलेली केंटकी रायफल असेल तर जवळपास डोळे मिटून स्पेन म्हणा. एक अखंड लांब लाकूड महाग पडतं, दोन तुकड्यांत खोका लहान होतो. लाकूड रंगवलेलं बीच असेल तरी तोच कल. अक्रोड बहुधा इटलीचं, आणि वाघासारखे पट्टे असलेलं मेपल बहुधा अमेरिकी कारागिराचं.

रायफलिंगचा, म्हणजे नळीतल्या चरांचा, फेरा मोजायचा तर गजाला घट्ट चिंधी लावून तळाशी न्या, गजावर तोंडाशी एक खूण करा आणि मूठ फिरू देत सावकाश बाहेर ओढा. पाव फेरा झाला की थांबा. तेवढ्यात १२ इंच बाहेर आला तर ४८ इंचांना एक फेरा. ही संख्या इतक्या जणांनी वापरली आहे की तिच्यावरून काहीच ठरत नाही. पण ६६ आली तर जुनी सीव्हीए मनात आणा.

या तीन-चार गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर उत्तर मिळालं. दोन इकडे, दोन तिकडे असतील तर तुमची बंदूक दोन-तीन बंदुकांचे भाग जोडून झालेली आहे. अशा पुष्कळ आहेत. तिला एक बनवणारा नाहीच.

विकणारा म्हणतो भारतात बनलेली आहे. खरं असेल?

असू शकतं. भारतात बनलेल्या ब्राउन बेस आणि इतर चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या) मस्केट अमेरिका-कॅनडात बऱ्याच विकल्या जातात, आणि त्यांच्यावर बहुधा नाव नसतं, प्रूफची खूणही नसते. ओळख सोपी आहे: दस्ता गरजेपेक्षा जाड, लाकूड अक्रोडाऐवजी शिसव किंवा सागासारखं, आणि मुख्य म्हणजे रंजकाचं भोक. या बंदुका बहुधा भोक न पाडता ‘न उडणारी प्रतिकृती’ म्हणून पाठवल्या जातात. ते भोक नंतर कुणी पाडलं, कसं पाडलं, नळीचं बूड कसं बसवलंय, हे सगळं अंधारात. आपल्या देशाचा अभिमान मलाही आहे, पण अशी नळी जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय मी गालाशी लावत नाही.

ही प्रतिकृती नसून खरोखर जुनी असेल तर?

मेट्रिक आटे सापडले की अमेरिकी किंवा इंग्रजी जुन्या बंदुकीचं स्वप्न तिथेच संपलं. नळीच्या पोटावर ‘मेड इन’ची सपाट घासलेली जागा, पत्र्यावर सगळीकडे सारखाच ‘म्हातारपणाचा’ तपकिरी रंग, स्क्रूच्या खाचा नव्याकोऱ्या, ही फसवणुकीची लक्षणं. खरी जुनी बंदूक असमान झिजते: हात लागतो तिथे गुळगुळीत, रंजकाजवळ खाल्लेली. शंका असेल तर साफसफाई करू नका, आधी दाखवा.

बनवणारा कळला. आता उडवू का?

नाव कळल्याने नळी मजबूत होत नाही. प्रूफची खूण म्हणजे त्या दिवशीची परीक्षा. नंतर चाळीस वर्षं न धुता ठेवली असेल तर आत गंज खड्डे पाडून बसलेला असतो. बुडाचे आटे आणि नळीचा आतला भाग दाखवून घ्या. आणि ‘फक्त काळी दारू’ हे शब्द ठोकलेले असोत वा नसोत, पाळायचेच. धूर न करणारी आधुनिक पावडर चिमूटभरही नको, नळी फुटते.

भारतात घरी भिंतीवर लावायला नेऊ का?

परवान्याशिवाय नाही. भारतात ठासणीची बंदूकही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते. कोकणात गावठी ठासणीच्या बंदुकांवरून गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या वाचल्याच असतील. त्या कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या घाटाच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही उडू शकणार नाहीत अशांनाच. तुमची उडते, म्हणून ती त्यात बसत नाही. अमेरिकेतही राज्याराज्यांत फरक आहे. न्यू जर्सीत तर ठासणीच्या बंदुकीलाही नियम लागू होतात. एडिसनमधल्या मंडळींनी विकत घेण्याआधीच चौकशी करावी.

तुम्हाला फोटो पाठवायचे तर कोणते?

सोफ्यावरचा नको. नळीच्या पोटाचा, बुडापासून आठ इंच, आडव्या उजेडात. लॉकची पट्टी आतून आणि बाहेरून, शेजारी मोजपट्टी ठेवून. निपल काढून, आट्यांच्या गेजसह. बंदुकीची डावी बाजू, जिकडे कुणीच कॅमेरा धरत नाही. आणि एक ओळ लिहा, की गज आत सोडून पाहिलात आणि नळी रिकामी आहे. ती ओळ नसेल तर मी आधी तेच विचारणार.